सराफाच्या चिठ्ठीपासून चेकबुकापर्यंत

स्मरणिकेसाठी इतिहासाच्या शिक्षकाकडे लेख मागितला म्हणजे तो किल्ल्यांविषयी, लढायांविषयी किंवा एखाद्या थोर पुरुषाविषयी लिहील, अशी आपली अपेक्षा असते. मी मात्र आज वीतभर लांबीच्या एका कागदाच्या पट्टीचा इतिहास सांगणार आहे. तिला आपण चेक म्हणतो. सरकारी मराठीत तिला धनादेश असे नाव आहे.

विषय सुचला तो वर्गात. दहावीच्या मुलांना मी फळ्यावर चेकची आकृती काढून दिली आणि आपापल्या वहीत पाचशे रुपयांचा चेक लिहा असे सांगितले. बहुतेकांनी तारीख घातलीच नाही. काहींनी सही रकमेच्या चौकटीत केली. एका मुलीने, पैसे ज्याला द्यावयाचे त्याच्या नावाच्या जागी स्वतःचेच नाव लिहिले. मी लाल खूण करणार तोच ध्यानात आले की ही चूक नव्हे. स्वतःच्या खात्यातून रोख रक्कम काढावयाची असेल तर तसेच लिहितात! मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, आता पैसे फोनवरून जातात. चेक लिहितो कोण?"

प्रश्न वाजवी होता. 2016 सालापासून यूपीआय आले आणि चहावालासुद्धा फोनवर पैसे घेऊ लागला. परंतु फोनवर अंगठा दाबताना आपण करतो काय? "माझ्या खात्यातील इतके रुपये अमक्याला द्या" असा हुकूम आपल्या बँकेला सोडतो. चेकही नेमके हेच सांगतो. साधन बदलले, हुकूम तोच राहिला. आणि ज्याला हुकूम देता येत नाही, त्याचा पैसा त्याचा असूनही दुसऱ्याच्या मर्जीवर राहतो. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. ते कोठून शिकलो हे पुढे सांगतो. आधी इतिहास.

इसवी सन 1051 मध्ये नासिर खुसरो नावाचा एक इराणी प्रवासी बसरा शहरी पोहोचला. त्यावेळी त्याची दशा अशी होती की अंगावरील लक्तरे पाहून हमामखान्याच्या माणसाने त्याला आत घेतले नाही, आणि रस्त्यावरची पोरे त्याच्यामागे दगड घेऊन लागली. या कफल्लक माणसाने आपल्या 'सफरनाम्या'त बसऱ्याच्या बाजाराचे जे वर्णन करून ठेवले आहे, ते आज बँकांच्या इतिहासात मोलाचे मानले जाते. त्या शहरी दिवसाच्या तीन वेळी तीन ठिकाणी बाजार भरे. व्यापारी आपली रक्कम सराफाकडे ठेवी व त्याच्याकडून चिठ्ठी घेई. मग बाजारात जो माल घ्यावयाचा त्याची किंमत सराफावर लावून देई. शहरात असेपर्यंत त्याला सराफाच्या चिठ्ठीखेरीज दुसरे काही वापरावे लागत नसे. आपल्या चालू खात्याचेच हे वर्णन नव्हे काय?

त्याच्याही आधी, दहाव्या शतकात, इब्न हौकल नावाच्या भूगोलकाराने आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिण टोकाच्या औदागुस्त या गावी एक कागद पाहिला. सिजिलमासा येथील एका व्यापाऱ्याच्या नावे 42,000 दिनारांचे देणे त्यावर लिहिलेले होते. सिजिलमासा आजच्या मोरोक्कोत आहे, आणि मध्ये सारे वाळवंट पसरलेले. एवढे सोने उंटावर लादून नेणाऱ्याने वाटमाऱ्यांना निमंत्रण दिल्यासारखेच झाले असते. कागद मात्र कोणी लुटीत नाही. असल्या कागदाला अरबीत 'सक्क' म्हणत. एका गावी पैसे भरून दुसऱ्या गावी ते मिळविण्याच्या चिठ्ठीला 'सुफ्तजा' असे नाव होते. ह्या सुफ्तजाबद्दल फकीहांनी बारकाईने वाद घातले. वाटेतला धोका टळतो हाही ऋण देणाऱ्याचा एक लाभच नव्हे काय, असा त्यांचा प्रश्न होता. व्यवहार आणि श्रद्धा यांचा मेळ घालण्याची चिंता आपल्याच काळात निर्माण झाली असे मानणाऱ्यांनी हे वाद जरूर पाहावेत. आणखी एक गोष्ट. बगदादेत खलीफा मुक्तदिर याच्या दरबाराचे पैशाचे व्यवहार सांभाळणारे यूसुफ बिन फिनहास आणि हारून बिन इमरान हे दोघे यहुदी होते. सराफाची पत पाहिली जाई ती त्याच्या वहीवरून.

चेक हा इंग्रजी शब्द 'सक्क' या शब्दावरूनच आला असे आपल्या सभांतून अभिमानाने सांगितले जाते. शिक्षक या नात्याने मला सावधपणे सांगितले पाहिजे की यावर विद्वानांचे एकमत नाही. बहुतेक इंग्रज कोशकार तो 'चेक' म्हणजे पडताळा या अर्थाच्या शब्दापासून काढतात. गंमत अशी की तो शब्द बुद्धिबळातील 'शह' यापासून, म्हणजे फारसी 'शाह' यापासून निघालेला आहे. आणि 'सक्क' हाही मूळ फारसी 'चक' याचे अरबी रूप समजला जातो. कोणत्याही वाटेने गेलो तरी इराणात एक मुक्काम पडतोच. पण एवढ्या लांब जावयाची तरी काय गरज? आपले मराठी पासबुकच उघडून पाहा. रक्कम, जमा, खर्च, बाकी, कर्ज, वसूल, तारीख हे सारे शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आले आणि मराठीच्या घरात असे रुळले की त्यांना कोणी पाहुणे म्हणत नाही. सराफ हा तर बसऱ्याचा सर्राफच. आणि चेकवर आपण जी 'सही' करतो तीही अरबी 'सहीह', म्हणजे बरोबर, खरे. सही करणे म्हणजे हा हुकूम खरा आहे अशी ग्वाही देणे.

हिंदुस्थानात या कामासाठी हुंडी होती. दर्शनी हुंडी दाखविताच पैसे मिळत, मुदती हुंडीला ठरलेला काळ थांबावे लागे. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या 'शाहा'लाच, म्हणजे प्रतिष्ठित व्यापाऱ्यालाच, मिळत. आजच्या क्रॉस चेकशी तिचे नाते ओळखू येते. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी तावर्निये याने नमूद केले आहे की हिंदुस्थानातील ज्या खेड्यात सराफ नाही ते खेडे फारच लहान समजावे. सुरतेहून आग्र्यास हुंडीने पैसा जाई, आणि पेशवाईत मुलूखगिरीवरील फौजांनाही सावकारांच्या हुंड्यांचाच आधार असे.

इंग्लंडात चेकची चाल सतराव्या शतकात पडली. 1659 ही तारीख घातलेला, लंडनच्या क्लेटन आणि मॉरिस या पेढीवर काढलेला 400 पौंडांचा एक हस्तलिखित चेक आजही जपून ठेवलेला आहे. पुढच्या शतकात लंडनमध्ये पेढ्या वाढल्या. एका पेढीचे कारकून दुसऱ्या पेढीत चेक घेऊन दिवसभर पायपीट करीत. त्यांनी स्वतःच युक्ती काढली. लोंबार्ड रस्त्याजवळच्या एका पेयगृहात सर्वांनी ठरल्या वेळी जमावयाचे, एकमेकांचे चेक एकमेकांना द्यावयाचे आणि फरकाची रक्कम तेवढी मोजावयाची. मालकांना न विचारता कारकुनांनी चालविलेल्या या सोयीतून क्लिअरिंग हाऊस जन्मले. कोणता चेक कोणाचा हे कळावे म्हणून ते चेकवर आडवे आपल्या पेढीचे नाव लिहीत. चेकच्या कोपऱ्यात आपण ज्या दोन तिरप्या रेघा ओढतो त्यांचे मूळ तेथे आहे.

आपल्याकडे बँक ऑफ बेंगाल 1809, बँक ऑफ बॉम्बे 1840 आणि बँक ऑफ मद्रास 1843 या तीन इलाखा बँका प्रथम झाल्या. 1921 साली त्यांची इंपीरियल बँक झाली आणि 1955 साली स्टेट बँक. मधल्या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईत कापसाचा पैसा उसळला, 1865 मध्ये सट्टा कोसळला आणि बँक ऑफ बॉम्बे 1868 साली बुडाली. त्याच वर्षी त्याच नावाची दुसरी बँक उभी राहिली. चेक, हुंडी व वचनचिठ्ठी यांचा कायदा 1881 साली झाला. विशेष हे की देशी भाषांत लिहिलेल्या हुंड्यांच्या स्थानिक रूढींना या कायद्याने पहिल्याच कलमात अभय दिले. इंग्रजालाही सराफाची वही मोडवली नाही!

परंतु हे सारे व्यापारी पेठेचे. खेड्यातल्या माणसाला बँक दिसली ती 19 जुलै 1969 रोजी 14 बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्यानंतर; 1980 मध्ये आणखी 6 बँका त्यांत आल्या. आमच्या कोकणातील खाडीपट्ट्यात तिचे आगमन आखाती नोकरीच्या बरोबरीने झाले, आणि येथूनच माझ्या घराची गोष्ट सुरू होते.

माझे दादा 1975 साली कुवेतला गेले. तेथून पैसे येत ते ड्राफ्टने, रजिस्टर पत्रातून. दादीचे खाते नव्हते. घरात कोणाचेच नव्हते. म्हणून दादांनी पेठेतील एका दुकानदाराच्या नावे ड्राफ्ट काढावयाचे आणि त्याने दादीला पैसे द्यावयाचे असे ठरले. गृहस्थ आता हयात नाहीत, म्हणून नाव घेत नाही. तो वाईट होता असेही मी म्हणणार नाही. निकड असेल तेव्हा त्याने रात्रीही दार उघडले आहे. परंतु पैसा त्याच्या खात्यात पडे आणि दादीला मिळे तो तांदूळ, साखर, कापड यांच्या रूपाने व थोडाफार रोख. हिशेब त्याच्या वहीत. दादीला कुरआन शरीफ वाचता येई. अक्षरे ओळखता येत, पण एकही लिहिता येत नव्हते. 1979 च्या वैशाखात घराची कौले बदलावयास काढली तेव्हा तिने शिल्लक मागितली. दुकानदाराने वही उघडून आकडा सांगितला. कुवेतहून आलेल्या पत्रांतील रकमांशी तो ताडून पाहिला तर 2,300 रुपयांची तफावत निघाली. दादीजवळ एक चिठ्ठी नव्हती. सूरह बकरामधील 282 वी आयत, जी कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे, उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा असे सांगते. ती आयत दादीने आयुष्यात कितीदा तिलावत केली असेल! घरातला व्यवहार मात्र बिनलेखी चालला होता.

पाऊस तोंडावर आला होता. दादीने बुरखा घेतला, आठवीत शिकणाऱ्या माझ्या वडिलांना बरोबर घेतले आणि तालुक्याच्या गावी बँकेत जाऊन उभी राहिली. तेथे दोन अडचणी निघाल्या. पहिली अशी की त्या काळी खाते उघडावयास जुन्या खातेदाराची ओळख लागे; आणि दादीच्या ओळखीचा खातेदार एकच, तो दुकानदार! शेवटी वडिलांच्या शाळेच्या हेडमास्तरांनी फॉर्मवर सही केली. दुसरी अडचण अशी की अंगठा लावणाऱ्याला पासबुक मिळेल, चेकबुक मिळणार नाही. दादी तशीच परत आली. पंधरा दिवस माझे वडील शाळेतून आल्यावर तिला पाटीवर तिचे नाव उर्दूत गिरवावयास लावीत. ती चुकली की ते रागावत, आणि ती गुपचूप ऐकून घेई. सोळाव्या दिवशी तिने बँकेतील कार्डावर तीन वेळा सही केली. खाते झाले. दादांनी पुढचा ड्राफ्ट तिच्या नावाने पाठविला.

तिचा पहिला चेक कौलांच्या व्यापाऱ्याला, 1,140 रुपयांचा. बाकी सर्व वडिलांनी लिहिले, सही तिची. कौले घरी आली तरी तिला चार दिवस झोप नव्हती. "कागद घेऊन माणसाने कौले दिली, आता कागद परत आला तर?" असे ती म्हणे.

तिची भीती अनाठायी नव्हती. आज तर कायदा याबाबत फार कडक आहे. 1 एप्रिल 1989 पासून, खात्यात पुरेशी रक्कम नसल्याने देण्यापोटी दिलेला चेक न वटणे हा कलम 138 खाली गुन्हा झाला आहे. चेक परत आल्याचे कळल्यापासून 30 दिवसांत घेणाऱ्याने लेखी नोटीस द्यावयाची, ती मिळाल्यावर 15 दिवसांत पैसे भरले नाहीत तर खटला. 2 वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. "सही करून ठेव, रक्कम मी भरतो" असे म्हणणाऱ्या नातेवाइकाला कोरा चेक देणाऱ्यांनी हे कलम दोनदा वाचावे.

आता लिहिण्याविषयी थोडे. आपल्या मुलांना हे घरी कोणी सांगत नाही. तारीख घालावी, 1 एप्रिल 2012 पासून चेक त्या तारखेपासून तीनच महिने चालतो, पूर्वी सहा महिने चाले. रक्कम अक्षरांत लिहून पुढे 'फक्त' लिहावे व उरलेल्या जागेत रेघ ओढावी. त्या रिकाम्या जागेनेच घरे बुडविली आहेत. अक्षरी व अंकी रकमेत फरक पडला तर कायदा अक्षरांना प्रमाण मानतो, तरी बँक असा चेक परतच करील असे समजून चालावे. खाडाखोड नको. चेकचे चित्रच आता बँकेकडून बँकेकडे जाते. ही पद्धत 2008 साली दिल्लीत सुरू झाली व 2013 साली मुंबईत आली, आणि तीत तारखेखेरीज दुसरी दुरुस्ती चालत नाही. 4 ऑक्टोबर 2025 पासून तर चेक दिवसभर सतत पुढे पाठविले जातात. "दोन दिवसांनी पैसे भरतो, तोवर चेक जाऊ दे" ही जुनी सवय आता महागात पडेल. दोन तिरप्या रेघा ओढून 'अकाउंट पेयी' लिहिले की पैसे त्या माणसाच्या खात्यातच जमा होतात. चेक मराठीत लिहिला तरी चालतो, रिझर्व्ह बँकेचे तसे निर्देश आहेत; काउंटरवर कोणी नाक मुरडले तर नम्रपणे ही गोष्ट सांगावी. चेकच्या तळाशी जे नऊ आकडे असतात त्यांतील पहिले तीन शहराचे, पुढचे तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. मुंबईच्या चेकवर 400 दिसेल. हे वर्गात सांगितले तेव्हा मुलांनी दुसऱ्या दिवशी घरोघरचे चेकबुक धुंडाळून आकडे टिपून आणले. एरवी इतिहासाच्या गृहपाठाला असा उत्साह नसतो.

खाते उघडणे तर पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. ओळख देणारा खातेदार आता लागत नाही. आधारकार्ड, फोटो, आणि पॅनकार्ड किंवा ते नसल्यास त्याऐवजीचा फॉर्म एवढ्यावर काम होते. दहा वर्षांवरील मुलांना स्वतः चालविता येईल असे बचत खाते देण्याची मुभा बँकांना 2014 पासून आहे. वारसाचे नाव नोंदवावयास मात्र विसरू नये.

येथे काही वाचक अस्वस्थ झाले असतील याची मला जाणीव आहे. व्याजाचे काय? फतवा देण्याचा माझा अधिकार नाही. तो प्रश्न आपण आपल्या विश्वासाच्या आलिमांना विचारावा. बँकेचा शिरस्ता तेवढा सांगतो. व्याज मिळते ते बचत खात्यावर. चालू खात्यावर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे व्याज दिलेच जात नाही. तेथे तुमचा पैसा तुमच्या हुकमाची वाट पाहत असतो, इतकेच. त्यात शिल्लक मात्र बहुधा अधिक ठेवावी लागते. पुष्कळजण बचत खातेच ठेवून व्याजाची रक्कम वेगळी काढतात व गरजूंना देऊन टाकतात. दादीही तसेच करी. वर्षाअखेर पासबुकातील तो आकडा वडिलांकडून वेगळ्या कागदावर लिहून घेई. मला खटकते ते निराळेच. व्याजाचे कारण सांगून घरातील स्त्रियांची खाती उघडू न देणारे काही सद्गृहस्थ स्वतः मात्र दोन-दोन बँकांत खाती चालवितात, हे मी पाहिले आहे.

दादांनी 1988 साली कुवेत सोडले. त्यानंतरही घराचे चेक दादीच्याच सहीने जात. दादांची सही इंग्रजीत व झोकदार होती, परंतु दरवेळी निराळी पडे आणि चेक परत येई. दादीची सही कार्डावर होती तशीच अखेरपर्यंत राहिली, पाटीवर गिरविल्यासारखी. ती 2011 साली गेली. खाते बंद करताना चेकबुकातील उरलेले दोन कोरे चेक आम्ही बँकेला परत दिले. चेक फाडल्यावर मागे राहणारे तुकडे तिने सगळे दोऱ्याने बांधून पेटीत ठेवले होते. सर्वांत खालच्या तुकड्यावर माझ्या वडिलांच्या आठवीतल्या अक्षरात लिहिले आहे: कौले, 1,140 रुपये फक्त.